टँकवरचे दडपण : मार खाण्याचे की पुढे चालण्याचे?

ढालकरी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात पाच जणांच्या डंजनला (शत्रूंनी भरलेल्या मोहिमेला) एक टँक (मार अंगावर घेणारा), एक हीलर (बाकीच्यांना बरे करणारा) आणि तीन डीपीएस (शत्रूचे नुकसान करणारे) लागतात, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. डीपीएस म्हणून नाव नोंदवले तर चहा करून, पिऊन, कप विसळून परत आले तरी रांग हललेली नसते; टँक म्हणून नोंदवले तर खुर्ची पुढे ओढेपर्यंत बोलावणे येते. एवढी सोय असूनही लोक टँककडे वळत नाहीत. कारण विचारले की ‘एवढा मार कोण खाणार’ किंवा ‘जबाबदारी फार असते’ ही दोन ठरलेली उत्तरे मिळतात. त्यातले पहिले मला पटत नाही आणि दुसरे अर्धवट वाटते, कारण जबाबदारी नेमकी कसली, ती कोणी सोपवली आणि कधी सोपवली, हे कोणीच सांगत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

शत्रूला स्वतःकडे धरून ठेवणे आणि त्याचा मार सोसणे हे टँकचे कागदोपत्री काम. ते एके काळी खरोखरच अवघड होते. शत्रू कोणावर धावून जाणार हे थ्रेटवर, म्हणजे कोणी त्याला किती चिथावले याच्या मोजमापावर, ठरते. जवळून लढणाऱ्याचा थ्रेट टँकच्या ११० टक्क्यांपलीकडे किंवा लांबून मारणाऱ्याचा १३० टक्क्यांपलीकडे गेला, की शत्रू टँकला सोडून त्याच्याकडे वळतो. २००४ मध्ये खेळ सुरू झाला त्यानंतर बराच काळ वॉरियर या योद्ध्याचे पाच ‘सनडर’ (चिलखत भेदणारे वार) चढेपर्यंत बाकीच्यांनी हात आवरून उभे राहायचे असा शिरस्ता होता, आणि तो मोडून कोणी मेला तर त्याच्याबद्दल फारशी हळहळ व्यक्त होत नसे. पुढे हे गणित सैल होत गेले. ऑगस्ट २०११ मध्ये खेळाच्या निर्मात्या ब्लिझर्डने टँकच्या फटक्यांचा थ्रेट नुकसानीच्या तिपटीवरून पाचपट केला आणि शत्रू हातून निसटण्याची धास्ती जवळपास संपली. शत्रू धरून ठेवणे हीच खरी अडचण असती, तर त्यानंतर टँकांचा सुकाळ व्हायला हवा होता. तो काही झाला नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ४.१ पॅचबरोबर (खेळाच्या सुधारित आवृत्तीबरोबर) ‘कॉल टू आर्म्स’ आले होते. ज्या भूमिकेचा तुटवडा असेल त्या भूमिकेत एकट्याने रांगेत उभे राहून डंजन पूर्ण करणाऱ्याला एक पिशवी मिळे. तिच्यात सोने, औषधे आणि नशीब जोरावर असेल तर एखादे दुर्मीळ वाहन असे. त्याआधी ऑक्युलस नावाच्या डंजनमधून लोक पळ काढत, म्हणून तिथेही जादा बक्षीस ठेवून पाहिले होते. पिशवी मिळते म्हणून माणूस रांगेत उभा राहील, पण आत शिरल्यावर त्याच्या छातीत जी धडधड होते तिच्यावर हा उपाय नाही.

मग दडपण वाढले कुठे? माझ्या मते टँकच्या गळ्यात जे काम पडले ते कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. तो सगळ्यांच्या पुढे असतो, म्हणून वाट त्याला पाठ असलीच पाहिजे असे धरले गेले. पहिला फटका तोच मारतो, म्हणून वेगही त्यानेच ठरवायचा. २०१६ मध्ये लीजन या विस्ताराबरोबर मिथिक प्लस (वेळेच्या मर्यादेतली, पातळीगणिक अवघड होणारी डंजन) आले आणि डंजनच्या डोक्यावर घड्याळ टांगले गेले, तेव्हापासून ही गृहीतके पक्की झाली. वेळेत तर संपवायचेच, शिवाय वाटेत मारलेल्या शत्रूंची बेरीज १०० टक्के भरायची. कमी मारले तर शेवटचा बॉस (मोठा शत्रू) पडल्यावर उरलेल्यांच्या शोधात मागे फिरावे लागते आणि जास्त मारले तर तेवढा वेळ वाया जातो. कोणता जथा उचलायचा आणि कोणाच्या कडेकडेने निसटायचे, याचा आराखडा आधी घरी बसून आखावा लागतो. त्यासाठी वेगळे ॲडऑन (खेळाला जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे, आणि त्यात आखलेला आराखडा टँकनेच घेऊन यायचा हे बाकीच्या चौघांनी परस्पर ठरवून टाकले आहे. वेळ चुकली की किल्लीची (जिने हे डंजन सुरू होते तिची) पातळी एकाने उतरते, आणि ती किल्ली बहुधा दुसऱ्याच कोणाची तरी असते.

सर्वांत बोलके उदाहरण मिस्ट्स ऑफ तिर्ना स्किथचे आहे. २०२० च्या शॅडोलँड्स विस्तारातल्या या डंजनमध्ये धुक्याचा भुलभुलैया आहे. प्रत्येक चौकात खुणा दिसतात : पान किंवा फूल, भरीव किंवा पोकळ, भोवती वर्तुळ असलेले किंवा नसलेले. या खुणांमध्ये जी एक बाकीच्यांहून वेगळी असेल, तिच्या दारातून जायचे. या कोड्याचा ढालीशी काडीचाही संबंध नाही आणि पाचही जणांना खुणा सारख्याच दिसतात. तरीही चौकात पोहोचल्यावर चार जण थांबतात आणि टँक कुठे वळतो ते बघत उभे राहतात. चुकीच्या दारात शिरून मागे फेकले गेल्यावर मात्र चौघांनाही बरोबर दार आधीपासून माहीत असल्याचे कळते.

आपापल्या खेळांत काय अनुभव आहे, हे सविस्तर लिहावे. ‘जमत नसेल तर खेळू नका’ एवढेच सांगायचे असेल, तर ते सांगणारे प्रत्येक गटात आधीच भेटतात.

जुनाखोड

धागाकर्त्यांचे निम्मे म्हणणे मान्य आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल लिहितो.

४० जणांच्या रेडच्या (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेच्या) काळात मी वॉरियर टँक होतो आणि त्या काळी दडपण कमी होते असे कोणी समजू नये. ओनिक्सिया या ड्रॅगन बॉसचे तोंड चुकून गटाकडे वळले तर तिच्या श्वासात निम्मे लोक भाजून निघत, आणि ते वळू न देणे हे एकट्या टँकचे काम होते. २००६ मध्ये नॅक्सरामस हा रेड आला, तेव्हा त्यातल्या फोर हॉर्समेन या चार बॉससाठी आठ टँक लागत. तयारीचे आठ वॉरियर फार थोड्या गिल्डांकडे (खेळाडूंच्या संघांकडे) होते, त्यामुळे एकमेकांचे टँक फोडण्याचे उद्योग उघडपणे चालत. बॉसचा जीवघेणा क्रिटिकल फटका बसू नये म्हणून डिफेन्स हा बचावाचा गुण ४४० पर्यंत न्यावा लागे आणि त्यासाठी महिनोन्महिने एकेक चिलखत जमवावे लागे. एवढे सगळे असूनही मला त्या काळी रात्री झोप लागत असे, आणि त्याचे कारण असे की रेडचा म्होरक्या वेगळा माणूस होता. कोणी कुठे उभे राहायचे, कधी मारायचे, कधी पळायचे हे तो सांगे आणि मी ऐके. हरलो तर खापर फोडायला त्याचे डोके असे.

पाच जणांच्या डंजनचे बिघडले ते मिथिक प्लसच्या बरेच आधी, असे माझे मत आहे. डिसेंबर २००९ मध्ये ३.३ पॅचबरोबर डंजन फाइंडर (गट आपोआप जुळवणारी सोय) आले आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरचे लोक एकाच गटात पडू लागले. तोवर गट जमवायचा म्हणजे शहरात उभे राहून हाका मारायच्या, ओळखीपाळखी काढायच्या, आणि हे कितीही कंटाळवाणे असले तरी त्यातून माणसे एकमेकांना नावाने ओळखत. टँकला उगाच शिव्या घालणारा चार दिवसांत सर्व्हरभर बदनाम होई आणि पुढे त्याला कोणी सोबत घेत नसे. नव्या पद्धतीत शिव्या घालणारा अर्ध्या तासाने कायमचा दिसेनासा होतो. चांगल्या टँकचीही तीच गत आहे. काल त्याने कितीही उत्तम खेळ केलेला असो, आज समोरच्या चौघांना त्याची गंधवार्ता नसते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागते.

तिसरा_नेमबाज

या धाग्यात टँकांच्या दुःखाला सगळीकडून फुंकर घातली जाण्याआधी दुसरी बाजूही नोंदवून ठेवतो.

मी हंटर, म्हणजे लांबून मारणारा डीपीएस, खेळतो. मिथिक प्लसच्या गटासाठी अर्ज केला की तो नाकारला जाणे हा माझा नित्यक्रम आहे, कारण तीन जागांसाठी अर्जांचा ढीग पडलेला असतो आणि गट जमवणारा रेडर आयओ या संकेतस्थळावरचे गुण बघून एका नजरेत निकाल लावतो. टँकला अशी उमेदवारी करावी लागत नाही. त्याचा अर्ज आला की गट जमवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आत शिरल्यावरही तोल त्याच्याच बाजूने झुकलेला असतो. टँक रुसून निघून गेला तर डंजन तिथेच संपते, मी निघून गेलो तर चौघे थोडे कुरकुरतात आणि पुढे चालू लागतात. हीलरचे मॅना (जादूची शक्ती) भरलेले नसताना पुढच्या जथ्यावर उडी घेणारे, कोणी बाथरूमला गेले म्हणून तोंडाला येईल ते बोलणारे आणि पहिल्याच वाइपला (सगळा गट मरण्याला) ‘डीपीएस कमी पडतोय’ असे जाहीर करून दार आपटणारे टँक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणखी एक. डीपीएसची लायकी आकड्यात मोजली जाते आणि तो आकडा प्रत्येक पुलनंतर (शत्रूंचा जथा ओढून लढल्यानंतर) पाचही जणांच्या पडद्यावर असतो. दुसऱ्या क्रमांकाच्या निम्मे नुकसान करणाऱ्याला लपायला जागा नसते. टँकने बचावाचे कूलडाउन (वापरल्यावर काही वेळाने परत मिळणारे कौशल्य) वेळेवर वापरले की नाही, हे लॉग (लढाईची नोंद) उघडून बघितल्याशिवाय कळत नाही आणि ते उघडण्याची तसदी फार थोडे घेतात.

वाट दाखवण्याबद्दल एवढेच म्हणतो की मी स्वतः आराखडा पाठ करून येतो आणि तो सुचवायला गेलो की ‘टँक कोण आहे?’ असे विचारले जाते. काम गळ्यात पडले हे खरे असेल, पण ते उतरवून ठेवायला किती टँक तयार असतात?

ढालकरी

@तिसरा_नेमबाज, शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. आराखडा दुसऱ्याने सांगितला तर आपला मान गेला असे वाटणारे टँक आहेत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचीही सुचवण्याची सवय मोडते.

मोजमापाबद्दल मात्र मतभेद आहे. तुमचा आकडा दिसतो, पण तो कमी असला तरी खेळ चालू राहतो. मिथिक प्लसच्या मूळ नियमात एका मृत्यूला ५ सेकंद कापले जातात, वरच्या पातळ्यांवर आता १५ कापले जातात. कागदावर हा दंड सगळ्यांना सारखाच आहे. प्रत्यक्षात डीपीएस मेला तर तेवढे सेकंद आणि त्याचे नुकसान जाते. टँक मेला तर आठ-दहा शत्रू एका क्षणात मोकळे होतात, पुढच्याच क्षणी हीलर जातो आणि मग बाकीचे. चूक तेवढीच असली तरी तिची किंमत वेगळी आहे, आणि ती चूक होताना सगळ्यांनी बघितलेली असते. लॉग उघडायची गरजच पडत नाही.

संजीवनी

मी हीलर आहे, त्यामुळे टँकची अवस्था मला त्याच्या आधी दिसते. पुल केल्यानंतरचे पहिले पाच-सहा सेकंद निर्णायक असतात. शत्रू सगळे एकत्र येऊन पोहोचलेले असतात, त्यांच्यातला एकही अजून मेलेला नसतो आणि मार सर्वांत जास्त तेव्हाच बसतो. अनुभवी टँक त्या सेकंदांसाठी मोठा कूलडाउन राखून ठेवतो. घाबरलेला टँक तो वापरतो, पण जीव २० टक्क्यांवर आल्यावर. तोपर्यंत माझे हातचे सगळे संपलेले असते. एखादा टँक घाबरलेला आहे हे मला त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, या उशिरावरून कळते. दडपणामुळे माणूस कळ दाबायची विसरतो आणि मग ज्या गोष्टीची भीती वाटत होती तीच घडते.

टँक पडला की पहिला प्रश्न मला येतो, हेही धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे. टँकवर राग काढला तर तो निघून जाईल आणि दुसरा मिळणार नाही, हे लोकांना पक्के ठाऊक असते. म्हणून ‘हील कुठे आहे?’ असे आधी विचारले जाते. टँकच्या तुटवड्याने त्याच्याभोवती एक कवच उभे केले आहे आणि त्या कवचावरून घसरलेला राग माझ्या वाट्याला येतो.

माझ्यापुरता एक उपाय मी करते. सुरुवातीलाच लिहिते की मोठे पुल मला झेपतात, पण तुम्हाला लहान घ्यायचे असतील तर घ्या, मला घाई नाही. एवढ्या एका ओळीने काही टँकांचा खेळ डोळ्यांदेखत बदललेला मी पाहिला आहे. वेगाचा निर्णय एकट्याचा राहत नाही, तेव्हा चुकण्याची भीतीही वाटली जाते.

क्रिस्टलवाला

फायनल फँटसी चौदा या दुसऱ्या ऑनलाइन खेळाच्या बाजूने लिहितो, कारण धागाकर्त्यांच्या म्हणण्याची कसोटी तिथे चांगली लागते.

आमच्याकडे चार जणांचा गट असतो आणि त्यात एक टँक, एक हीलर, दोन डीपीएस. २०१९ च्या शॅडोब्रिंगर्स विस्तारात टँकचा पवित्रा (शत्रूंना स्वतःकडे धरून ठेवणारी स्थिती) इतका सोपा केला की तो एकदा चालू ठेवला आणि घोळक्यावर पसरणारे वार करत राहिले, की शत्रू हलत नाहीत. त्याआधी पवित्र्यामुळे स्वतःचे नुकसान कमी होत असे, म्हणून तो कधी चालू ठेवायचा आणि कधी बंद, ही कसरत होती, तीही गेली. वाट दाखवण्याचा तर प्रश्नच नाही, कारण बहुतेक डंजन म्हणजे सरळ बोळ. दोन जथे, मग दार. पुन्हा दोन जथे, मग बॉस. घड्याळाची स्पर्धा नाही, आराखडा नाही. तुटवड्याच्या भूमिकेला बक्षीसही मिळते. ढालकरी म्हणतात तसे दडपण वाटेचे असते, तर इथे ते औषधालाही सापडायला नको होते. प्रत्यक्षात ‘टँक अँग्झायटी’ (टँक होण्याची धास्ती) हा शब्द मी सर्वांत जास्त याच खेळाच्या लोकांकडून ऐकला आहे.

बोळ सरळ असला तरी त्यात किती जथे एका दमात ओढायचे हे टँकच्या हातात राहते. दारापर्यंतचे सगळे एकदम ओढायचे, ही तिथली न लिहिलेली अपेक्षा आहे. नवा टँक एकच जथा घेऊन थांबला तर कधी डीपीएस पुढे पळून पुढचा जथा स्वतःच अंगावर घेऊन येतो आणि टँकसमोर आणून उभा करतो. उंटावरून शेळ्या हाकणे परवडले. इथे शेळ्याच आणून अंगावर सोडतात. त्या वेळी टँकला दोनच पर्याय राहतात : मुकाट्याने ते सगळे अंगावर घेणे, किंवा ओढणाऱ्याला मरू देऊन भांडण ओढवून घेणे. रॅम्पार्ट हे बचावाचे कौशल्य २० टक्के मार कमी करते, २० सेकंद टिकते आणि ९० सेकंदांनी परत मिळते. या हिशेबात एका मोठ्या पुलला कोणते बचाव वापरायचे आणि पुढच्यासाठी कोणते राखायचे, हे ज्याला अजून उमगलेले नाही, त्याच्यावर असा प्रसंग आणणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे.

तेव्हा ढालकरींचे म्हणणे मी थोडे बदलून मांडेन. वाट काढून घेतली, शत्रू निसटणे बंद केले, तरी वेग उरतो. आणि वेग ठरवणारा माणूस एकच असेल, तर बाकीच्यांचा उतावळेपणा त्याच्याच पाठीवर आदळतो.

ढालकरी

@क्रिस्टलवाला, दुरुस्ती मान्य. मी वाट आणि वेग यांना एकाच कामाचे दोन भाग समजत होतो, पण तुमच्या उदाहरणावरून दिसते की एकटा वेगसुद्धा पुरेसा आहे.

रात्रपाळी

भारतातून टँक खेळण्याच्या दोन अडचणी कोणी लिहिल्या नाहीत, म्हणून लिहितो.

मी पुण्यात राहतो आणि वॉरक्राफ्टच्या युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. माझ्या गिल्डचा रेड त्यांच्या संध्याकाळी आठला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. मिथिक (सर्वांत अवघड) रेडमध्ये २० जण असतात आणि टँक सहसा दोनच. डीपीएसपैकी कोणी लग्नाला गेला तर बाकावरचा दुसरा उचलतात. टँक गेला तर रात्रीचा सगळा कार्यक्रम ढासळतो, कारण बरेच बॉस असे रचलेले असतात की एका टँकवर मारक परिणाम साचत जातो आणि ठरलेल्या वेळी दुसऱ्याने टाँट करून (शत्रूला चिथावून) बॉस स्वतःकडे घ्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कार्यालयात महत्त्वाची बैठक असली, तरी ‘आज नाही जमणार’ असे म्हणताना जीभ अडखळते. खेळातल्या दडपणापेक्षा मला हे अधिक जाचक वाटते. गिल्डमधले लोक सज्जन आहेत, कोणी जबरदस्ती करत नाही. तरीही माझ्या एकट्याच्या नकाराने एकोणीस जणांची रात्र फुकट जाते, हे दोन्हीकडून माहीत असते.

दुसरी अडचण वीज आणि इंटरनेटची. डीपीएसचे कनेक्शन बॉसच्या मधोमध तुटले तर तो परत येईपर्यंत गट कसाबसा तग धरतो. टँकचे तुटले की त्याचे पात्र तिथेच निमूट उभे राहते आणि काही क्षणांत सगळे आडवे होतात. म्हणून पावसाळ्याआधी मी राउटर इन्व्हर्टरवर घेतला आणि लॅपटॉपला फोनचे हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवण्याची सवय लावून घेतली. पिंगचे (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याच्या वेळेचे) तर काही करता येत नाही. युरोपपर्यंतचे अंतरच एवढे आहे की दीडशेच्या आसपास मिलिसेकंद जातातच, आणि त्यामुळे फटका दिसल्यावर ढाल उचलून भागत नाही, अंदाजाने आधीच उचलावी लागते.

रातराणी_७

थोडक्यात लिहिते. रेडमध्ये टँकला बोलावेच लागते. बॉसची अदलाबदल करताना ‘आता घे’ हे लिहून सांगायला वेळ नसतो. डीपीएस असताना मी माइक बंद ठेवून वर्षानुवर्षे खेळले आणि कोणाला पत्ता लागला नाही. टँक झाल्यावर आवाज ऐकू गेला, आणि अनोळखी गटांमध्ये त्यानंतरचे प्रश्न ठरलेले असतात : नवऱ्याचे अकाउंट आहे का, हीलर का नाही घेतला. चुकले तर ती टँकची चूक राहत नाही, बाईची चूक होते. धागाकर्त्यांच्या यादीत वाट आणि वेग यांच्याबरोबर आवाजही घालावा. ओळखीच्या गिल्डमध्ये हा त्रास मला अजिबात नाही, त्यामुळे जुनाखोड काकांचे डंजन फाइंडरबद्दलचे म्हणणे मला पटते.

बिनढालीचा

वॉरक्राफ्टच्या बाहेरचे उदाहरण देतो. ओव्हरवॉच (ब्लिझर्डचाच नेमबाजीचा खेळ) २०१६ मध्ये आले तेव्हा सहा विरुद्ध सहा असा खेळ होता आणि कोणी काय घ्यावे यावर बंधन नव्हते. तीन टँक आणि तीन सपोर्ट (बरे करणारे) घेऊन खेळण्याचा प्रकार स्पर्धांमध्ये बोकाळला, त्यानंतर २०१९ मध्ये दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट अशी भूमिकांची विभागणी सक्तीची झाली. लगेच डॅमेजची रांग लांबली, कारण टँक पुरेनात. मग २०२० मध्ये कोणतीही भूमिका घ्यायला तयार असणाऱ्यांना रांगेत पुढे जाण्याचे पास देऊन झाले. ढालकरींची पिशवी ती हीच.

४ ऑक्टोबर २०२२ ला ओव्हरवॉच २ आले आणि ब्लिझर्डने गाठ कापूनच टाकली : पाच विरुद्ध पाच, टँक एकच. रांगेच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता, टँकची मागणीच निम्मी झाली. खेळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र अनर्थ झाला. आधी राइनहार्ट या टँकने ढाल धरायची, झार्या या दुसऱ्या टँकने बुडबुडा टाकून त्याला सोडवायचे, अशी जोडी असे. एक पुढे गेला तर दुसरा मागे बघे, आणि दोघांपैकी एक चुकला तरी डाव सावरता येई. आता एकाच टँकला पुढेही जायचे असते आणि मागच्या सपोर्टवर कोणी झडप घातली तर परतही यायचे असते. एकटा म्हणून त्याला ताकद वाढवून दिली, आणि ताकद वाढली म्हणून समोरचे पाचही जण त्याच्यावरच तुटून पडतात. ॲना या सपोर्टचा ग्रेनेड लागला की काही सेकंद त्याला कोणीही बरे करू शकत नाही. दोन टँक असताना तो ग्रेनेड कोणावर टाकायचा याचा विचार तरी करावा लागे.

त्यात पात्र बदलण्याची कटकट. समोरच्याने तुमच्या टँकला भारी पडणारा टँक घेतला की आपल्या गटातून ‘बदल, बदल’ असा घोशा सुरू होतो. आवडते पात्र घेऊन एक सामना पूर्ण खेळणे ही टँकसाठी चैन झाली आहे. शिवाय पहिल्या ओव्हरवॉचमध्ये फक्त पदके दिसत, दुसऱ्यात सगळ्यांचे मृत्यू आणि नुकसान दाखवणारा फलक खेळ चालू असतानाच उघडता येतो. टँकच्या नावापुढे नऊ मृत्यू दिसतात, ते कशासाठी झाले हे दिसत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सहा विरुद्ध सहाचे प्रयोग पुन्हा सुरू झाले, यातच सगळे आले. अर्थात दोन टँकवाल्या खेळातही रांगेचा मूळ प्रश्न तसाच होता, त्यामुळे जुने ते सारे सोने असे मी म्हणणार नाही. पण दडपणापुरते बोलायचे तर एकाच्या जागी दोघे असणे हा मी पाहिलेला सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

तिसरा_नेमबाज

@बिनढालीचा, हा उपाय वॉरक्राफ्टच्या डंजनमध्ये लावायचा तर डीपीएसची एक जागा जाणार. रांगेत आणखी किती वेळ उभे राहायचे तेही सांगून टाका.

बिनढालीचा

@तिसरा_नेमबाज, तसे मुळीच सुचवत नाही. पाच जणांत दुसरा टँक बसत नाही हे उघड आहे. पण टँकच्या कामातले जे ढालीशिवाय होऊ शकते ते दुसऱ्याने उचलणे शक्य आहे, आणि तुम्ही तर आराखडा पाठ करून येता असे वर लिहिलेच आहे.

नवशिका

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी आजवर मेज (जादूगार) खेळत आलो आहे आणि टँक शिकायची इच्छा आहे, पण हा धागा वाचून पाचावर धारण बसली. अनोळखी लोकांसमोर न जाता सराव करायची काही सोय आहे का? आणि कोणता क्लास (पात्राचा प्रकार) घ्यावा? मीही पुण्याहूनच युरोपच्या सर्व्हरवर खेळतो.

ढालकरी

@नवशिका, सोय आहे आणि ती बरीच उशिरा आली. जानेवारी २०२४ मध्ये १०.२.५ पॅचबरोबर फॉलोअर डंजन सुरू झाले. त्यात बाकीची चार पात्रे संगणक चालवतो. तुम्ही टँक झालात तर ती पात्रे तुमच्यामागे येतात, तुम्ही थांबलात तर थांबतात आणि अवाक्षर काढत नाहीत. वाट पाठ होणे आणि किती मार बसतो याचा अंदाज येणे, या दोन गोष्टी तिथे निवांत शिकता येतात. मिथिक प्लसला जाण्याची वेळ आली की पहिले काही दिवस स्वतःच्या किल्लीवरच गट जमवा आणि गटाच्या वर्णनात ‘टँक शिकतो आहे’ असे स्पष्ट लिहा. घाई असलेले लोक आपोआप येत नाहीत, आणि पातळी उतरलीच तर तुमच्याच किल्लीची उतरते.

क्रिस्टलवाला

आमच्याकडेही २०२२ पासून ड्यूटी सपोर्टमधून कथेतली बरीच डंजन अशीच एकट्याने करता येतात. एक इशारा मात्र देतो : ती पात्रे घाई करत नाहीत, त्यामुळे मोठे पुल करण्याचा सराव तिथे होत नाही. तो माणसांबरोबरच करावा लागतो, आणि तेव्हा संजीवनींसारखा हीलर ओळखीचा असला तर निम्मे काम होते.

जुनाखोड

क्लासबद्दल मी सांगतो. पिंग जास्त असेल तर डेथ नाइटपासून सुरुवात करू नये. त्याचा डेथ स्ट्राइक नुकत्याच बसलेल्या माराच्या प्रमाणात जीव भरून देतो, त्यामुळे तो फटका खाल्ल्यानंतर नेमक्या क्षणी दाबावा लागतो, आणि दीडशे मिलिसेकंदांच्या अंतरावरून तो क्षण साधणे नवख्याला जड जाते. त्यापेक्षा अस्वलाच्या रूपातला ड्रुइड घ्यावा. आयर्नफर हे त्याचे बचावाचे कौशल्य आधीच चढवून ठेवता येते, एकावर एक थर देता येतात आणि घाबरून दोनदा दाबले तरी ते फुकट जात नाही. टाँटची कळ मात्र अशा जागी ठेवा की बघावे न लागता बोट पोहोचेल. मेजचे कळफलक जसेच्या तसे ड्रुइडवर आणाल, तर ती कळ नेमकी दूर कोपऱ्यात जाऊन बसते.